लाखोरीचं नाव यादीत नव्हतं

ती. सौ. रुखमाताईस,

धाकट्या मधुकरचा भंडाऱ्याहून वाकून नमस्कार. भाऊजींचा गुडघा आणि तुझी लंगडणारी शेळी, दोघंही आता नीट चालत असतील अशी आशा आहे. इकडे ज्योत्सना खुशाल आहे, आणि पोट सोडून बाकीचा मीही बरा आहे. (फोनच केला असता, पण ज्योत्सना तो स्पीकरवर टाकते आणि माझ्या पोटाची बातमी शेजारच्या चार घरांत जाते.)

मनिषच्या साक्षगंधाला मामा म्हणून पंगतीत त्याच्या शेजारचा पाट माझा, हे कळल्यावर छाती भरून आली आणि लगेच पोटात गोळा उठला. ताई, मला फार भीती वाटते गं. सहा महिने झाले, पोट कधी चार-चार दिवस रुसून बसतं, तर कधी दाराची कडी लावेपर्यंतही थांबत नाही. इथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या, आतडं नाजूक झालंय, याला आयबीएस म्हणतात, जिवाला धोका नाही, पथ्य पाळा म्हणाल्या आणि एक छापील यादी हातात ठेवली. राजमा नको, छोले नको, मैदा नको, कांदा-लसूण नको, ब्रोकोली नको. (ब्रोकोली मी एका दिवसात सोडली. कधी खाल्लीच नव्हती.) चष्मा लावून यादी तीनदा वाचली, पण आपल्या लाखोरीचं नाव कुठेच नव्हतं! तू दिवाळीला पाठवलेली डाळ डब्यात होतीच. ज्योत्सनाने वडे तळले आणि मी पथ्याचे म्हणून अकरा खाल्ले.

दुसऱ्या दिवशी जवाहरनगरला जाणाऱ्या फॅक्टरीच्या बसमध्ये बसलो आणि अर्ध्या वाटेत पोटाने इशारा दिला. मी ओरडून बस थांबवली. आमचा ड्रायव्हर सुखराम म्हणाला, "काहून भाऊ, काही घरी राहून गेलं का?" उत्तर द्यायला वेळ नव्हता. उडी मारून बांध ओलांडला तर धान कधीच कापून झालेलं. आडोसा म्हणून सगळ्या बांधीत काय उभं होतं सांग? लाखोरी! तीही घोट्याएवढी. बसमधल्या चाळीस माणसांनी मोठ्या माणुसकीने माना दुसऱ्या खिडक्यांकडे वळवल्या, पण सुखरामला ड्युटीची घाई, तो हॉर्न वाजवत राहिला. घरी आल्यावर सहानुभूती मिळेल वाटलं होतं. ज्योत्सना म्हणाली, "तुमाले कोनं सांगतलं होतं अकरा वडे खायाले?"

तेव्हापासून मऊ भात, दुधीची भाजी आणि ताकाचं पाणी यावर आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, भीतीनेसुद्धा हा त्रास वाढतो, तेव्हा अजिबात भिऊ नका. झालं! आता मी भ्यायलाही भितो. बस वळणावर हळू झाली तरी घाम फुटतो. भंडाऱ्याहून तुमच्या बपेऱ्यापर्यंत एसटीत काय होईल, आणि नव्या व्याह्यांसमोर मी पाटावरून उठून पळालो तर मनिषची काय शोभा राहील, या विचाराने झोप लागत नाही. तेव्हा मी न आलेलंच बरं, असं ठरवून हे पत्र लिहायला घेतलं आहे. भाऊजींना नमस्कार, मनिषला आशीर्वाद.

तुझा,
मधुकर

ता. क. : येतो. माझ्यासाठी मूठभर तांदळाचा मऊ भात वेगळा टाक आणि मला पंगतीच्या टोकाला, दाराजवळ बसव. कोणी विचारलं तर दाढ दुखते म्हण.

ता. क. २ : बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पोटाने गेले, एवढंच मला सांगितलं होतं. त्यांच्या उशाशी तू होतीस. ताई, सुरुवातीला त्यांनाही असंच व्हायचं का? डॉक्टरीणबाईंनी घरात कोणाला होतं का म्हणून विचारलं, तेव्हा मी नाही म्हणून बसलो. पत्राने कळवू नकोस, ज्योत्सना फोडते. मी आल्यावर मागच्या अंगणात नेऊन एकटीच सांग. तसं नसेल तर बसमधून उतरल्या उतरल्या सांग. असेल तर मनिषच्या बोटात अंगठी जाऊ दे, पाव्हणे जाऊ दे, मग सांग.