मशीनचं जू

९ एप्रिल
काहीच करत नसताना मशीन का तापतं? दुपारी आईने विचारलं. सीपीयूच्या डब्यावर हात ठेवून म्हणाली, "ते काही करस नही, मंग तापस कसाले?" मी बीसीए. घरातली पहिली पदवी, फ्रेम करून देवांशेजारी टांगलेली. तरी नुसतंच "बघते" म्हणाले. आईला तेच उत्तर वाटलं. ते लागलं.

१० एप्रिल
माझा कॉम्प्युटर क्लास चालू असताना लाईट गेली. बाहेरच्या खोलीत पाच मुली, मशीन, एक पंखा. आतल्या खोलीत बाळंतपणाला आलेली ताई, तिचं बाळ, पाळणा, दुसरा पंखा. सगळा भार एका म्हाताऱ्या इन्व्हर्टरवर. निम्म्यातच टीं टीं करून बसला. बाळ घामाने लाल, रडून रडून घसा बसला. ताई दारात येऊन: "तुन्हं मशीन मन्हा पोऱ्यानं वारं खाई ऱ्हायनं!" हसत म्हणाली. पण डोळे हसत नव्हते.

संध्याकाळी आबा: "आखाजीलोंग दखसूत. नही जमनं ते लाईट गई का मशीन बंद." म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं.

मुली सकाळी पपईच्या, मिरचीच्या कामावर. त्यांना दुपारच मिळते. दुपार गेली की क्लास गेला. आमच्या ब्राह्मणपुरीच्या मुलींनी कीबोर्डला हात लावायला शहाद्यालाच का जावं, असं मीच मोठ्या तोंडाने म्हटलं होतं.

११ एप्रिल
बाळ माझं बोट सोडत नव्हतं. एका हाताने टायपिंग. काम शून्य. छान दिवस.

१२ एप्रिल
मशीन आपोआप बंद. पाहते तर डब्यावर गोधडी! आई म्हणते, "घुं घुं करी ऱ्हायनं व्हतं. पोऱ्या जागी जाई म्हनीसन झाकी दिधं." ओरडायला तोंड उघडलं आणि हसूच आलं. गोधडी माझीच, लहानपणची. कडाही खोचल्या होत्या नीट.

हवा कोंडली म्हणून बंद पडलं, ते कळलं. पण कोणी बसलेलं नसताना घुं घुं कशाला? गार झाल्यावर चालू करून पाहिलं. काम जवळजवळ नाही, तरी प्रोसेसरचा वेग पूर्ण. सतत.

१३ एप्रिल
आबांना सांगितलं. चहा बशीत ओतत म्हणाले, "जुपेल बैल नुसता उभा ऱ्हायना तरी थकस. जू उतारी दे."
आईला हेच सांगितलं. तिला लगेच पटलं.

१४ एप्रिल
सकाळी, चालू होताना डिलीट दाबून बायोस, म्हणजे मशीनची मुळातली सेटिंग्ज, उघडलं. बिघडलं तर? म्हणून बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो. काम नसताना प्रोसेसरला झोपू देणाऱ्या सी-स्टेट्स: बंद. गरजेप्रमाणे वेग उतरवणारी सोय: तीही बंद. सेकंडहँड मशीन, आधी कोणी काय केलं कोण जाणे. मीही घेतल्यापासून कधी पाहिलं नाही. दोन्ही चालू केल्या. सेव्ह. विंडोजमध्ये पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' होता, 'बॅलन्स्ड' केला.

घुं घुं थांबलं. शबाना, शिंप्याची मुलगी, नेहमी सगळ्यांआधी येते. डब्याला कान लावून: "दीदी, ये बंद पड गया क्या?" एक की दाबून स्क्रीन उजळवून दाखवली. "हाय अल्ला, सो रहा था!"

१६ एप्रिल
लाईट गेली. इन्व्हर्टर मागच्यापेक्षा बराच टिकला. तरी मुली निघायच्या आधी टीं टीं. पाळण्यावरचा पंखा पुन्हा थांबला. एवढं करून... ताई पदराने बाळाला वारा घालत होती. "ऱ्हाऊ दे वं, मन्हा हात शे ना." ती अशी बोलते तेव्हा जास्तच वाईट वाटतं.

१७ एप्रिल
भाकरी खाताना सुचलं. पंखे दोन कशाला? मशीन आत नेलं तर एकच पुरेल. आधी ते शक्यच नव्हतं, त्या आवाजात बाळ झोपलं नसतं. आता आवाज कुठे आहे?

ताईला विचारलं. बाळंतिणीची खोली, सव्वा महिना झाला असला तरी. ती पाळण्याला झोका देत राहिली. दहावीनंतर तिचं लग्न झालं, माझं कॉलेज. मग: "आन मधमा. पन मी भी शिकसू. पहिली खुर्ची मन्ही."

आई म्हणाली, आधी आबांना विचार. ते शेतात, केळीला पाणी द्यायला. इन्व्हर्टर पुरेल की नाही ते लाईट गेल्यावरच कळेल, आणि आखाजी आलीच. मी थांबले नाही. शबानाने एक बाजू धरली, मी दुसरी. टेबल पाळण्याच्या पायथ्याशी लावून झालंय. बाहेरच्या पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी मारली. बाळ झोपलंय. पहिल्या खुर्चीत ताई.