वरच्या बाकावरची जागा

पिरेयस बंदर,
मुनिखिओन महिना, वाढत्या चंद्राची तृतीया

प्रिय फानोस भाऊजी,

तुमच्या मधमाश्या आणि तुमच्या बरगड्या, दोन्ही ठणठणीत असोत. सालामिसच्या होडीवाल्याबरोबर हे पत्र आणि एक गाठोडं पाठवते आहे. गाठोडं आधी सोडू नका.

इकडे आम्ही बरे आहोत. हिवाळ्यात छप्पर गळलं, ते जहाजाला लावून उरलेल्या डांबराने मीच बुजवलं. शेजारच्या एउकोलीनला जुळ्या मुली झाल्या. तिचा नवरा म्हणतो, "मुलगे असते तर एक वल्ह्यावर बसवला असता, एक सुकाणूवर. आता दोघींना रडण्याचा ताल तेवढा शिकवतो." तिन्ही ओळींत सगळ्यात खालच्या वल्ह्यांची भोकं पाण्याच्या किती जवळ असतात, तुम्हाला माहीतच आहे. पाणी आत शिरू नये म्हणून त्यांना लागणाऱ्या चामड्याच्या बाह्या अजून माझ्याकडेच शिवायला येतात. बोटं चरबीने इतकी बुळबुळीत होतात की सुई धरवत नाही.

तुमचे दादाही बरे आहेत.

जहाजावर यंदा नवा प्रमुख आला आहे. जुनी, मुरलेली माणसं वरच्या ओळीत हवीत, असं त्याने ठरवलंय. त्याने दादांना सांगितलं, "मिकिओन, तू वर चल." दादा म्हणाले, "मला खालीच बरं." झालं! सगळे वल्हेकरी तुटून पडले. "काय रे, बाणांची भीती वाटायला लागली?" "म्हातारा कोंबडा खुराडं सोडेना!" त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मासळीला हातही लावला नाही. परवा मात्र भाकरी आपटून म्हणाले, "जाईन वर. भित्रा म्हणवून घेणार नाही."

ते वर गेले तर काय होईल, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?

भाऊजी, दादा बरे आहेत असं मी वर लिहिलं. ते खरं नाही, पण खोडत नाही. रोज तसंच म्हणायची सवय झाली आहे.

बंदराबाहेरच्या सरावाच्या दिवशी दादा वरच्या बाकावर होते आणि तुम्ही त्यांच्याखाली, अगदी तळाशी. वल्ही एकमेकांत अडकली, तुमच्याच वल्ह्याचा दांडा उलटून तुमच्या छातीवर बसला. दादा सगळ्यांदेखत ओरडले, "झोपला होतास का रे?" तुम्ही बरगडी धरून वर आलात, आपली उशी काखेत मारलीत आणि जहाज कायमचं सोडून गेलात. माझ्याकडे पाणी प्यायलाही थांबला नाहीत. झोपाळू वल्हेकरी म्हणून तुमचं नाव अजून इथे निघतं.

तुम्ही झोपला नव्हता.

तळाशी बसलेल्याला पाणी दिसत नाही. वरचा माणूस पातं बघतो आणि खालचे दोघे त्याच्या भरवशावर ओढतात. त्या दिवशी वरच्यालाच पातं दिसलं नव्हतं. पाण्याची चमक कुठे संपते आणि पात्याची कुठे सुरू होते, हे त्यांना तेव्हाच कळेनासं झालं होतं. नंतर ते आपण होऊन तळाला जाऊन बसले, तेव्हा मला वाटलं, तुम्ही गेल्याचं दुःख असेल. ह्या हिवाळ्यात समोरचं ऑलिव्ह ते चाचपून शोधायला लागले, तेव्हा मी विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्याकडे बघून बोला."

"बघतोच आहे की."

ते माझ्या खांद्यामागच्या भिंतीकडे बघत होते.

मग हळूच म्हणाले, "कडेकडेचं दिसतं गं. मधलं विरघळतं." आणि हसून, "जहाजाच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, दोन दगडी डोळे बसवलेत ना? मला आणखी कशाला?" मला हसू आलं नाही.

मी दोर्कोनकडे गेले. वल्हेकऱ्यांना तोच अजून ताल देतो. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला वल्ही दिसत नाहीत लिसिला, ऐकू येतात. अख्ख्या जहाजात त्याच्याइतकं स्वच्छ वल्हं कुणाचं पडत नाही. तळाशी आंधळाही चालेल. पण त्याच्या डोक्यावर नवखा बसला तर दोघेही मरतील. ज्याचा श्वास तो ओळखतो, असा माणूस आण. प्रमुखाला मी बघतो." मग दाढी खाजवत म्हणाला, "असा एकच आहे. तो मध विकतो."

म्हणून गाठोडं. आता सोडा. त्यात बाकावर घ्यायची उशी आहे, मेंढीच्या कातड्याची.

शिवत होते तेव्हा दादांनी ती हातात घेतली, दाबून पाहिली. म्हणाले, "ही माझी नाही." मग ती मांडीवर ठेवून बोटांनी शिवण चाचपली आणि म्हणाले, "डावीकडे जाड कर. तो डावीकडे भार देऊन बसतो."

ह्याहून जास्त माफी त्यांच्या तोंडून निघायची नाही. मला ती कमी वाटते. तुम्हाला पुरते का, ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असते तर लगेच आले नसते, हेही लिहून ठेवते.

पहाटे कृत्तिका दिसू लागल्या की जहाज निघेल. येणार असाल तर उशी घेऊन या, सरळ जहाजावर. मग वर तुम्ही, तळाला ते. येणार नसाल तर उशी ह्याच होडीवाल्याकडे परत द्या. उत्तर लिहू नका, ते मला दादांना मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. उशी परत आली, तर त्याच दिवशी मी प्रमुखापुढे उभी राहीन आणि ह्यांच्या डोळ्यांचं सांगून ह्यांना जहाजावरून उतरवीन. जन्मभर माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल. पण दुसऱ्या कुणाच्या बरगड्या ह्यांच्या हट्टापायी मोडू देणार नाही.

डावी बाजू जाड केली आहे. बसून बघा.

तुमची वहिनी,
लिसिला