चौथी पट्टी

ज्योत्सना बाई,

फोटोच्या चौकटीचे कोपरे तिरपे कापायची, आरी बसवलेली तुया बाबाची जुनी लोखंडी पेटी ते गेल्यापासून गंजत होती. घरात एकटीले करमत नाही, म्हणून मातीतेलानं घासली, आरीले धार केली. पेटीखाली सागाच्या तीन पट्ट्या भेटल्या, टोकं तिरपी कापलेली. तू आपल्या मनानं लगन केलं, त्या लगनाचा फोटो त्याइनं भिंतीवर लावू देला नाही. त्याच फोटोले पट्ट्या लावून पाह्यल्या. बरोबर बसल्या.

चौथी मी कापली. पयले पट्टी मी धरो, आरी ते चालवत. आता गुडघ्यानं दाबून कापली, तं कोपरा जरासा उघडा रायला. ते असते तं म्हणले असते, "पुन्हा काप."

नाही कापली. चौकट तशीच भिंतीवर टांगली.

हे पत्र टपालात टाकत नाही, त्या चौकटीमागंच ठेवीन. तूच येऊन पाह्य.

तुई आई
अड्याळ