इंद्रायणीचा कडू घास

चिंचवड, ५ सप्टेंबर १९५६

ती. यशोदाआत्यास,
सुमनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. आमच्या अनाथ मुलींच्या वसतिगृहात पुनावळ्याची इंद्रायणी आली आहे. वय चौदा. आईवडील एकाच आठवड्यात पटकीच्या साथीत गेले आणि तिसऱ्या दिवशी मामा तिला इथे सोडून गेला. बारा दिवस झाले, पेजेपलीकडे पोटात काही नाही. बोलत नाही, रडतही नाही. आम्ही गाणी म्हटली, नकला केल्या, तिच्यासमोर ‘आई’ हा शब्दच बंद केला. सोमवारपर्यंत जेवली नाही तर रेक्टर शालनबाई तिला पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडणार. आत्या, ती वेडी नाही. मी तिला जाऊ देणार नाही, पण करू काय? उत्तर लगेच धाड. माया आहेच, तिला खंड नको.
तुझी सुमन

महाळुंगे, ७ सप्टेंबर

चि. सुमनला अ. उ. आ.
मास्तरांकडनं लिहून घेतेय. अगं शहाणे, मेल्या घरात कुनी नकला करतं व्हय? तिला कडू घास कुनी दिला का? मयत घरात चूल पेटत न्हाई. भावकी पिठलं-भाकर आनती, बळंच घास भरवती, तवा मानूस रडतं आन् जेवतं. तुजी आई गेली तवा मीच न्हाई का भरवला? पटकीच्या भ्यानं तिच्या दारात कुनी फिरकलं नसंल. माजा गुडगा धरलाय, न्हाईतर आलेच असते. आता तुमीच तिची भावकी. जिवाला जप.
तुजी आत्या

चिंचवड, १० सप्टेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.
शालनबाई म्हणाल्या, संस्थेत सुतकाची नाटकं नकोत. मी म्हटलं, मग आम्हा अकराजणींनाही इस्पितळात धाडा. तेव्हा कोठीची किल्ली दिली.
काल पिठलं-भाकरी केली. सगळ्या तिच्याभोवती बसलो. तिला सरळ सांगितलं, की तुझे आई-अण्णा गेले, आम्ही घास घेऊन आलोय. तिनं तोंड उघडलं. मग जी रडली, जी रडली! रडता रडता अख्खी भाकरी खाल्ली. इस्पितळ टळलं.
पण पुढचं ऐक. इथे आल्यापासून पहिल्यांदा बोलली, ते विचारायला, की तुम्हाला कुणी दिला होता? मी तुझं नाव सांगितलं. बाकीच्यांनी एकेक करून ‘नाही’ म्हटलं. एकीलाही मिळाला नव्हता गं, आणि इतकी वर्षं सोबत राहून मी कधी विचारलं नव्हतं. इंद्रायणी उठली, भाकरी घेतली आणि एकेकीला भरवत गेली. सगळ्यांत जास्त नकला करणारी आक्का तिच्या गळ्यात पडून हमसून रडली. मला मिळालेला म्हणून इंद्रायणी मला वगळून पुढं निघाली होती. मी तिचा हात धरला आणि तोंड उघडलं.
गुडघ्याला शेक दे. तुझी माया आता बाराजणींत वाटायची आहे, तेव्हा जरा जास्तच धाड.
तुझी सुमन