आईनं दुसरीकडे काढलेला फोटो

आई,

आज नमस्कार-बिमस्कार काही नाही.

परवा बाबांच्या स्मरणार्थ मांडलेल्या देव्हाऱ्याच्या खणात उदबत्त्या शोधताना तुझा फोटो सापडला. काळा किमोनो, गंभीर चेहरा. अंत्यविधीला ठेवायचा फोटो माणसं जिवंतपणीच काढून घेतात, मला काय माहीत नाही? असे शेकडो मीच काढलेत. पण मागे शिक्का कुराताच्या स्टुडिओचा! पोटची मुलगी फोटोग्राफर असताना तू त्याच्याकडे गेलीस? बाईच्या हातचा फोटो कमी पडतो, की माझ्यापासून एखादं दुखणं लपवतेयस?

तडक कुराताला गाठलं. तो हसायलाच लागला. "अहो सुमिएताई, आई म्हणाल्या, 'पोरीनं कॅमेरा धरला की मला हसूच आवरत नाही. असा खिदळणारा फोटो अंत्यविधीला ठेवणार का?'"

घरी येऊन मी काढलेले तुझे सगळे फोटो बाहेर काढून बघितले. खरंच, एकूण एक फोटोत तू हसतेयस. राग गेला, पण संशय काही जाईना. म्हणून काल मुद्दाम तुला अंगणात उभं करून फोटो काढला. ऊन माझ्या डोळ्यांवर येत होतं, तुझा चेहरा नीट दिसला नाही.

आत्ताच तो धुतला. आता हे पत्र तुला पाठवायचा धीर नाही.

आई, तू हसत नाहीयेस.

तुझी,
सुमिए