मी तिथे होते, पण

४ जुलै
आज पुन्हा. ऑफिस सुटल्यावर काशीमीऱ्याहून शेअर रिक्षा. जेसल पार्क आलं, बाकीचे उतरून गेले, मी बसलेलीच. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, कबसे बोल रहा हूँ." मधला रस्ता कुठे गेला, माहीत नाही. नितीनला सांगितलं नाही. त्याला वाटतं कामाचा थकवा. वाटू दे.

१२ जुलै
सईच्या शाळेत कार्यक्रम. सात वर्षांची पोर, स्टेजवर एकटी कविता म्हणाली. नितीनचे डोळे भरले. मी टाळ्या वाजवत होते. हात दिसत होते माझे, पण आवाज शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू यावा तसा. घरी आल्यावर सई म्हणाली, मी कुठे अडखळले सांग. ऐकलंच कुठे होतं मी?
नितीनने काढलेला व्हिडिओ नंतर बघितला. किती गोड म्हणालीय. मला तिथे असायचं होतं गं. म्हणजे होतेच. पण…

१९ जुलै
मानसोपचाराच्या डॉ. बाईंकडे दुसऱ्यांदा. लहानपणी घरी कसं होतं, विचारलं. म्हटलं, बाबा मारायचे, पण मला विशेष आठवत नाही. तर म्हणाल्या, पळता येत नाही तेव्हा मूल मनाने निघून जातं. पुढे मार थांबतो, जायची सवय राहते. कुणी त्या वेळचं आहे का, विचारून बघा.
आहे. ताई.

२७ जुलै
ताईकडे गेले, राई गावात. ताई अंगणात सुकट निवडत होती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई कामावर गेली की घरात बाबा आणि आम्ही दोघी. विचारलं तेव्हा वर न बघता सांगत गेली. बाबांनी पट्टा काढला की तुझे डोळे उघडे, पण तू नसायचीस. मार संपला तरी नाही.
मग म्हणाली, "मी चिमटे काढायचे तुला. परत यावीस म्हणून."
चिमटे आठवतात मला. तेवढेच आठवतात. इतकी वर्षं मनात धरलं होतं, ताई दुष्ट.
"मला नाही कुठे जाता आलं," म्हणाली. "मी सगळं बघितलं."
तिला जवळ घ्यायचं होतं. हात पुढे झाला नाही. सुकट निवडू लागले तिच्याबरोबर.

२८ जुलै
दिवसभर ताई. फोन लावला, नुसतंच जेवलीस का विचारलं.

३ ऑगस्ट
सकाळी पोहे खात होतो. सई वॉचमनच्या कुत्रीला पिल्लं झाली ते सांगत होती, आणि मी निसटायला लागले. या वेळी कळलं. नितीनला हळूच म्हणाले, "मी जातेय बहुतेक. जवळ बस."
त्याला काय समजलं, कोण जाणे. पण खुर्ची ओढून बसला, खांद्याला खांदा लावून. सई बोलतच होती. एक पिल्लू काळं आहे आणि त्याचा एकच कान पांढरा, एवढं माझ्यापर्यंत आलं.
बाकीचं संध्याकाळी तिला पुन्हा विचारेन. तोवर तिचा उत्साह टिकला तर.