दोरीचं दुसरं टोक

१२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. पाकीट बघून घाबरू नकोस. इकडे सगळे धडधाकट आहेत. बाबा आत्ताच माझ्यावर ओरडले, म्हणजे त्यांचीही तब्येत ठीक आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं एक वाक्य पुरं होईस्तोवर तुझे तीन सल्ले होतात, मग मी "बरं" म्हणते आणि फोन ठेवते. कागदात तुला मध्येच तोंड घालता येणार नाही, म्हणून हा खटाटोप.

वहिनीला आणि पोरांना माझी आठवण सांग. ग्रंथालयातलं माझं काम आता दुपारपुरतंच आहे. तेवढा वेळ वरच्या मजल्यावरच्या काकू बाबांजवळ बसतात. बाबा त्यांना 'मुकादम' म्हणतात. त्यांना ते आवडतं असा माझा संशय आहे.

तू विचारतोस, बाबा कसे आहेत? एका शब्दात सांगता येत नाही रे. सकाळी हाताची गोळी (थरथर आणि ताठरपणाची, आम्ही तिला हाताचीच गोळी म्हणतो) उपाशीपोटी द्यायची. ती लागू पडेपर्यंत न्याहारी नाही. गोळीनंतर एकदम उभं राहिलं की त्यांना भोवळ येते, म्हणून आधी पलंगाच्या कडेवर पाय सोडून बसवायचं, पाणी द्यायचं, दोन शिव्या खायच्या आणि मग उठवायचं. मग ते पाटी घेतात आणि 'दुकान उघडे आहे' असं लिहितात. उभा जन्म ज्याने लोकांच्या दुकानांचे फलक रंगवले, तो दुसरं काय लिहिणार! गोळी कमी पडली असेल तर 'दु' तळहाताएवढा असतो आणि 'आहे'पर्यंत अक्षर मुंगीएवढं होतं. नीट लागू पडली असेल तर 'आहे'सुद्धा बऱ्यापैकी ऐसपैस. डॉक्टरीणबाईंना मी त्या पाटीचेच फोटो पाठवते. त्या म्हणतात, याहून चांगलं मोजमाप त्यांच्याकडेही नाही.

आणि अक्षर मोठं झालं की पाहुणे येतात.

तुला ते 'भास' म्हणून ठाऊक आहेत. मी त्यांना चेहऱ्यानिशी ओळखायला लागले आहे. ओला कोट घातलेला एक गृहस्थ खिडकीपाशी उभा असतो. दोन लहान मुली टेबलाखाली बसतात. एक तपकिरी कुत्रा आहे, तो फक्त बाबांच्या खुर्चीखाली झोपतो. सुरुवातीला मी भांडायचे, "बाबा, तिथे कुणी नाही!" एक दिवस ते शांतपणे म्हणाले, "मलाही वाटतं की नसावं कुणी. पण खात्री नसताना आलेल्याला बसा म्हणू नये, हे काय बरं दिसतं?"

त्या दिवसापासून मी भांडणं सोडलं. स्वतःचे डोळे आपल्याला फसवताहेत हे कळणं आणि तरी माणुसकी न सोडणं! मला जमलं नसतं. तुला तर नाहीच.

आता खरे पाहुणे आणि खोटे पाहुणे ओळखायची त्यांनी एक युक्ती काढली आहे. त्यांची दोरी आठवते ना? निळी पूड चोळलेली, एक टोक आपल्या हातात देऊन, ताणून, मधोमध टणकन उडवायचे आणि फलकावर सरळ रेघ उठायची. "सुतासारखं सरळ करीन" अशी धमकी द्यायचे तेव्हा त्यांच्या हातात खरोखरच सूत असायचं. तर आता कुणीही खोलीत आलं की ते दोरीचं एक टोक पुढे करतात, "धरा जरा." ज्याने धरलं तो खरा. टोक खाली पडलं तर तो पाहुणा. त्यालाही ते "बसा" म्हणतातच, फक्त चहा सांगत नाहीत. मुकादम काकू पहिल्यांदा बुचकळ्यात पडल्या होत्या. आता येताक्षणी हात पुढे करतात.

इतकं लिहून मी दोनदा उठले, भांडी घासली, परत बसले. मुद्द्यावर येत नाहीये हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

दादा, तू काल फोनवर म्हणालास की तू पाठवलेल्या त्या झोपेच्या गोळ्या संपत आल्या असतील, दुसरं पाकीट मित्राबरोबर धाडतोयस. त्या संपलेल्या नाहीत. दोनच वापरल्या गेल्या, बाकीच्या मी औषधवाल्याकडे नेऊन दिल्या. मागच्या महिन्यात बाबा इस्पितळात होते तेव्हा मी तुला छातीत कफ झालाय म्हणून सांगितलं. कफ नव्हता.

पाहुणे वाढले होते, बाबा झोपत नव्हते, मी रडकुंडीला आले होते. तुझ्या शेजाऱ्यांच्या आईला ती गोळी लागू पडली होती, तू तिथल्या डॉक्टरांना विचारूनच पाठवलीस, आणि इथल्या डॉक्टरीणबाईंना न विचारता दिली ती मी. दुसऱ्या गोळीनंतर बाबा उठलेच नाहीत. म्हणजे जागे होते, पण लाकूड झाले होते. मान एका बाजूला कललेली, पापणी लवत नाही, पाण्याचा घोट तोंडातच राहतो, अंगात ताप. पाहुणे गेले होते, हे खरं. बाबाही गेले होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विसरभोळेपणा, थरथर आणि भास असे तिन्ही एकत्र असले की त्या जातीची औषधं काही जणांना विषासारखी बाधतात. एकाला जे झोपवतं ते दुसऱ्याला गोठवतं. तुला हे माहीत असायचं कारण नव्हतं. मलाही नव्हतं. तुला कळलं तर तू स्वतःला खात बसशील म्हणून मी कफाचं निमित्त केलं, आणि तेच चुकलं, कारण आता दुसरं पाकीट निघालंय. मी ग्रंथालयात असताना ते मुकादम काकूंच्या हातात पडलं तर? त्या बिचाऱ्या इमानाने देतील. म्हणून लिहिते आहे. रागाने नाही रे, आईशप्पथ.

बाबा हळूहळू वितळले. घरी आलो तर पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी त्यांचे पाय जमिनीला चिकटले. मी ओढतेय, मुकादम ढकलतायत, पाय हलेना. बाबा म्हणाले, "ओढू नकोस. दोरी आण." मला वाटलं, मी खरी आहे का हे बघायचं असेल. पण त्यांनी मला फरशीवर वाकायला लावलं, टोक धरायला लावलं, आणि कापऱ्या बोटांनी दोरी उडवली. निळी रेघ उठली. मग तिच्यापुढे आणखी एक. बाबांनी रेघेकडे पाहिलं आणि पाय उचलून पलीकडे टाकला, मग दुसऱ्या रेघेपलीकडे. चालत गेले, दादा! जो माणूस इंचभर सरकत नव्हता तो रेघा ओलांडत खिडकीपर्यंत गेला आणि ओल्या कोटवाल्याला "सरका जरा" म्हणाला. मुकादम रडायलाच लागल्या. व्यायामवाल्या बाईंनी नंतर सांगितलं की असं होतं, या आजारात डोळ्यांपुढे रेघ असली की पायांना वाट सापडते. त्यांनी ते शिकून घेतलंय. बाबांना कुणी सांगितलं? आता घरभर निळ्या रेघा आहेत. पुसल्या की आम्ही पुन्हा मारतो.

मग डॉक्टरीणबाईंनी बजावलं की 'हे देऊ नका' म्हणून त्या औषधाचं नाव दारावर मोठ्या अक्षरांत लावा, म्हणजे कुणी परका माणूस घाईत देऊन बसणार नाही. मी छापून आणते म्हटलं. बाबा खवळले, "माझ्या दारावर छापील कागद?" फळी घेतली, वर एक आणि खाली एक अशा दोन रेघा मारल्या, ब्रश धरला. मी रंगाचा डबा धरून उभी. हात कापत होता, अगदी रंगाला टेकेपर्यंत कापत होता. आणि त्या दोन रेघांमध्ये शिरल्यावर अक्षर लहान झालं नाही. पहिलं जेवढं, शेवटचं तेवढंच. मध्ये एकदा थांबून त्यांनी टेबलाखालच्या मुलींना "रंगाला हात लावायचा नाही" म्हणून दम दिला आणि पुढे चालू. मला हात जोडावेसे वाटले. अर्ध्या गोष्टी त्यांच्याजवळून गेल्या आहेत, पण जे उरलंय ते किती मोठं आहे रे!

फळीवर डॉक्टरांनी सांगितलेलं नाव लाल रंगात खाली आहे. वर बाबांनी स्वतःच्या मनाने लिहिलंय: 'मला विचारल्याशिवाय मला झोपवू नये.'

काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हाताची गोळी थोडी कमी करायची का? भास कमी होतील, पण हात आणि पाय पुन्हा आखडतील. आहे तेवढीच ठेवली तर हात राहील, पाहुणेही राहतील. भासांसाठी एक दुसरं सौम्य औषध अगदी थोडं थोडं चालू केलंय, त्याने त्यांना मळमळतं, म्हणून जेवणाबरोबर देते. त्या म्हणाल्या, घरच्यांनी मिळून ठरवा. मी म्हणाले, दादाला विचारते. बाबा म्हणाले, "दाराबाहेर फलक कशाला लावलाय मी?"

मग त्यांना विचारलं. म्हणाले, "हात राहू दे. पाहुण्यांचं काय, कोपऱ्यात बसतात बिचारे."

तर असं ठरलंय. तुझं काय म्हणणं आहे ते कळव, पण त्यांनाच कळव.

एक राहिलं. हे लिहू की नको असं चाललं होतं. गेल्या आठवड्यापासून पाहुण्यांमध्ये तूही येतोस. दाराशी उभा असतोस म्हणे, बूट न काढता, घाईत असल्यासारखा. बाबांचा चेहरा उजळतो. रेघा ओलांडत ओलांडत ते दारापर्यंत जातात आणि तुझ्यापुढे दोरीचं टोक धरतात, "धर बघू." टोक खाली पडतं. ते वाकून उचलतात, मला उचलू देत नाहीत. दोरी पुन्हा गुंडाळतात आणि मला म्हणतात, "अजून पोचला नाही वाटतं."

रोज.

तुझीच,
कटकट

ता. क. पाकीट मित्राकडून परत घे. आणि तू ये. येताना काही आणू नकोस, हात मोकळे ठेवून ये.